पाणी जाताना काय नेतं? प्रवरेच्या मातीपासून कोल्हापूरच्या एरोजेलपर्यंत



आजचा विषय जाहीर झाल्यावर आम्हाला एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, पत्रिकेत काही छापायला चुकलंय का? तुम्ही आणि सच्छिद्र पदार्थ?" चुकलेलं काही नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, भौतिकशास्त्र नाही. पण वस्तू आणि तिचं रूप यांचा संबंध काय, हा प्रश्न आमच्याच खात्यातला आहे. तो प्रश्न आम्हाला पहिल्यांदा पडला तो पुस्तकात नव्हे, चुलीपाशी.

नगर जिल्ह्यात, आता अहिल्यानगर म्हणायचं, पण आम्हा जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येतं, तर तिथे प्रवरेकाठच्या गावात आमचं बालपण गेलं. पोळ्याला मातीचे बैल करायचे. पोळा येतो ऐन पावसाळ्यात, श्रावणी अमावस्येला, त्यामुळे बैल वाळायला चार-चार दिवस लागत. एका वर्षी आम्ही घाई केली आणि आपला बैल चुलीच्या वैलावर ठेवून दिला. तासाभरात एक शिंग गळून पडलं आणि पोटाला उभी चीर गेली. आजीचे बैल कोपऱ्यात ओल्या फडक्याखाली निवांत होते. ती म्हणाली, "पोटातलं पाणी बाहेर यायच्या आधीच कातडं आवळलं बाबा त्याचं." पुढे सत्तरीच्या आसपास आम्ही वाळण्याच्या शास्त्रावरचं थोडंफार वाचलं, तेव्हा लक्षात आलं की त्या वाक्यात निम्मं शास्त्र येऊन गेलं होतं.

उरलेलं निम्मं गावच्या कुंभाराकडे होतं. तो काळी माती एकटी कधीच वापरत नसे. तीत राख मिसळायची, वाळू मिसळायची, गाढवाची लीद मिसळायची. घडा चाकावरून उतरला की थोडा सुकू द्यायचा, मग आतून दगडी गोळा धरून बाहेरून लाकडी थापीनं थापायचा, आणि मग सावलीत. ऊन नाही, वारा नाही. राख-वाळूचे कण आकसत नाहीत, त्यांच्यामुळे पाण्याला बाहेर यायला वाटा राहतात आणि चीर गेलीच तर ती पुढे धावत नाही. लीद आव्यात जळून जाते आणि तिच्या जागी पोकळी उरते. त्या पोकळ्यांतून पाणी पाझरतं, म्हणून माठातलं पाणी गार. म्हणजे छिद्रं कुठे हवीत आणि कुठे नकोत, याचा हिशोब तो रोज करत होता.

हा हिशोब किती जुना? आमच्याच जिल्ह्यात त्याचा पुरावा आहे. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं आणि तिथल्या खापरांवरून दख्खनमधल्या एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला 'जोर्वे' हे नाव पडलं. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. लाल भांडी, वर काळी नक्षी, तोटीची भांडी, उंच गळ्याचे घडे, आणि वाजवलं तर धातूसारखा खणखणीत आवाज. त्याच नदीवर खाली नेवासे आणि दायमाबाद. तिथे घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवलेले. हे कुंभ बहुधा हातानं घडवलेले, जाड, राखाडी. जाड भिंतीचं मोठं भांडं वाळवणं हे पातळ वाडग्यापेक्षा कितीतरी कठीण, कारण बाहेरचा थर सुकतो आणि आतला ओलाच राहतो. ज्या घरात मूल गेलं त्या घरासाठी कोणीतरी तो कुंभ घडवून सावलीत ठेवला असेल, की घरातलंच धान्याचं भांडं घेतलं असेल, कोण जाणे. पण कुंभ तडकला नव्हता, हे आपल्यासमोर आहे.

इथे इतिहासाची एक अडचण सांगायला हवी. वाळताना जो घडा फुटला, त्याचं काय झालं? कुंभारानं तो पाण्यात टाकला, पुन्हा माती केली आणि नवा घडा घडवला. कच्ची माती परत भिजते. भट्टीतून एकदा गेली की भिजत नाही. म्हणून भट्टीत फुटलेल्या भांड्यांची खापरं साडेतीन हजार वर्षं टिकतात, सावलीत फुटलेल्या भांड्याचा मागमूस उरत नाही. भाजण्याच्या इतिहासाला पुरावा आहे, वाळवण्याच्या इतिहासाला नाही. त्यामुळे भट्टीबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, सावलीबद्दल फार थोडं.

आणि हे फक्त पुरातत्त्वातच झालं असं समजू नका. आमच्या दर्शनांतही तेच. कच्चा काळसर घडा आव्यात जाऊन लाल होतो, तेव्हा नेमकं बदलतं काय, यावर वैशेषिक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. वैशेषिकांचा पीलुपाकवाद सांगतो, की अग्नीच्या संयोगानं घडा पार परमाणूंपर्यंत विस्कटतो, परमाणूंचा रंग बदलतो आणि मग ते पुन्हा जुळून नवा घडा होतो. नैयायिकांचा पिठरपाकवाद म्हणतो, छे, घडा आहे तसाच राहतो, अखंड अवयवीच लाल होतो. मग अग्नी आत शिरतो कसा? तर घडा सच्छिद्र आहे म्हणून. भरलेल्या घड्यातून पाणी पाझरतं ते आपण पाहतोच. म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानात छिद्रं अगदी मोक्याच्या जागी आली. वर्गात हा वाद शिकवताना आम्हाला नेहमी वाटायचं, की दोन्ही पक्षांनी एकदा कुंभाराच्या पडवीत जाऊन बसायला हवं होतं. कारण घडा आव्यात जाण्याआधीच त्याचं बरंचसं भवितव्य ठरलेलं असतं. पाकजगुणांवर एवढी चर्चा, आणि शोषावर?

असो. आता पाणी जाताना करतं काय, ते पाहू.

ओल्या सच्छिद्र पदार्थात प्रत्येक छिद्र पाण्यानं भरलेलं असतं. बाष्पीभवन सुरू झालं की पाण्याचा पृष्ठभाग छिद्राच्या तोंडाशी वाकतो. पृष्ठभागाला ताण असतो, ताणलेल्या पडद्यासारखा, आणि वाकलेला पडदा छिद्राच्या भिंती आत ओढतो. यंग आणि लाप्लास यांनी १८०५-०६ च्या सुमारास याचा नियम बसवला : ओढ पृष्ठताणाच्या सम प्रमाणात आणि छिद्राच्या त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. हिशोब करून बघा. त्रिज्या एक मिलिमीटर असेल तर ओढ इतकी क्षुल्लक की नळीत पाणी जेमतेम दीड सेंटिमीटर चढेल. त्रिज्या पाच नॅनोमीटर केली, की तेच पाणी, तोच नियम, पण ओढ होते वातावरणाच्या दाबाच्या सुमारे २८५ पट. भिंत काही अणूंच्या जाडीची आणि तिच्यावर हा भार. ती कोसळली नाही तरच नवल.

काळ्या मातीत हेच घडतं. आपली काळी दख्खनच्या बेसाल्टपासून झाली, तिच्यातल्या चिकणमातीचे पापुद्रे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या जाळीचे, आणि त्या पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं. पाणी गेलं की पापुद्रे एकमेकांकडे ओढले जातात, जमीन आकसते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून तर गावगाड्यात काळी आणि पांढरी वेगळ्या. काळीत पेरायचं आणि पांढरीत राहायचं. घराच्या भिंतींना आणि माळवदाला पांढरी माती, कारण ती एवढी आकसत नाही. १९२३ मध्ये रोथॅमस्टेडच्या हेन्स यांनी मातीच्या आकसण्याचे टप्पे मोजून मांडले : आधी जेवढं पाणी जातं तेवढीच माती आकसते, मग कण एकमेकांना टेकतात आणि पुढे पाणी गेलं तरी आकार फारसा बदलत नाही, हवा आत शिरते. आपल्या शेतकऱ्याकडे या मधल्या अवस्थेसाठी एक शब्द आहे, वापसा. ढेकूळ मुठीत दाबायचं, सोडायचं, आणि बघायचं. वापसा नसताना औत घातलं तर जमिनीचा पोत वर्षभर बिघडतो. इंग्रजीत याला चार शब्द लागतात, तरी तो अर्थ येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आता अमेरिकेत जाऊ. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन इथल्या महाविद्यालयात सॅम्युएल किस्लर नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. असं सांगतात, की सहकाऱ्याशी त्याची पैज लागली होती : जेलीतलं पाणी काढून त्या जागी हवा भरायची, पण जेली आकसू द्यायची नाही. तुम्ही कुरडया करता ना? गव्हाचा चीक शिजवला की तो जेलच. सोऱ्यातून जाडजूड पडतो आणि उन्हात वाळून सुतळीसारखा होतो. किस्लरला जाडजूड कुरडई तशीच जाडजूड वाळवायची होती.

त्याचा विचार आम्हाला आजही फार सुंदर वाटतो. जेल कोसळतं कशानं? पृष्ठताणानं. पृष्ठताण कशामुळे? द्रव आणि वायू यांच्या सीमेमुळे. मग ती सीमाच येऊ दिली नाही तर? प्रत्येक द्रवाचा एक क्रांतिक बिंदू असतो. त्याच्या वरच्या तापमानाला आणि दाबाला द्रव आणि वायू हा भेद मावळतो. पृष्ठभाग नाही, म्हणून ओढ नाही. पाण्यासाठी तो बिंदू ३७४ अंश आणि २१८ वातावरणांवर आहे आणि तेवढ्या गरम पाण्यात सिलिकाच विरघळतं. म्हणून त्यानं आधी जेलमधलं पाणी काढून अल्कोहोल भरलं, बंद भांड्यात तापवलं, दाब वाढवला आणि मग वाफ हळूहळू सोडून दिली. १९३१ मध्ये 'नेचर'मध्ये त्याचं टिपण आलं. जे हाती राहिलं त्याला त्यानं एरोजेल म्हटलं : आकार जेलचा, पण आत बहुतांश हवा. त्याच जेलला नुसतं हवेत वाळू दिलं, तर मिळतो तो आकसलेला, घट्ट, काचेसारखा झेरोजेल. सिलिका तोच, आरंभही तोच, फरक फक्त पाणी कोणत्या दारानं बाहेर गेलं याचा.

मग पुढची तीस-चाळीस वर्षं फारसं काही झालं नाही. मोन्सँटो कंपनीनं १९४०च्या दशकात एरोजेलची भुकटी विकली, पुढे ते बंद पडलं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समधल्या लिऑं इथे टेचनर आणि त्यांचा विद्यार्थी निकोलाँ यांनी जेल थेट मिथेनॉलमध्येच तयार करून पाणी बदलण्याचा आठवड्यांचा खटाटोप वाचवला. पण तापवलेलं, दाबाखालचं मिथेनॉल म्हणजे काय, हे १९८४ मध्ये स्वीडनमध्ये कळलं. तिथल्या कारखान्यात मिथेनॉल गळून स्फोट झाला. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात बर्कले इथे परम तिवारी, आर्लन हंट आणि लॉफ्टस यांनी मिथेनॉलऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरला. त्याचा क्रांतिक बिंदू अवघ्या ३१ अंशांवर, दाब सुमारे ७३ वातावरणं, आणि पेट घ्यायची भीती नाही. नगरच्या मे महिन्यात तापवायचीसुद्धा गरज पडणार नाही.

गोठवून वाळवायची तिसरी रीतही आहे, पण पाण्याचं बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं आणि स्फटिक नाजूक भिंती फोडतात. जेलच्या बाबतीत त्यातून बहुधा भुकटीच हाती येते. तिच्यावर वेळ घालवत नाही.

खरी उलथापालथ चौथ्या रीतीनं केली. १९९२ च्या सुमारास न्यू मेक्सिकोत रवींद्र देशपांडे, डग्लस स्मिथ आणि जेफ्री ब्रिंकर यांनी विचारलं, भिंती जवळ येतात ते येऊ दे, पण त्या चिकटतात का? सिलिकाच्या पृष्ठावर हायड्रॉक्सिल गट असतात. दोन भिंती दाबल्या गेल्या की ते गट एकमेकांत बांधले जातात आणि जेल पुन्हा उघडत नाही. मग त्या गटांच्या जागी आधीच मिथिल गट बसवले तर? जेल वाळताना आकसतं, पण बांधलं जात नाही, आणि द्रव संपला की स्पंजासारखं परत उघडतं. साध्या हवेच्या दाबाला, साध्या भट्टीत. (देशपांडे या आडनावावरून आम्ही काही अनुमान काढत नाही, तुम्ही काढलंत तर अडवणार नाही.)

आता आपल्या कोल्हापूरकडे या. शिवाजी विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात प्राध्यापक ए. वेंकटेश्वर राव यांनी एअर ग्लास प्रयोगशाळा उभी केली. लिऑंच्या पाजोंक यांच्याबरोबर त्यांनी काम केलं, म्हणजे टेचनरची परंपरा पंचगंगेपर्यंत आली म्हणा. सुरुवातीचं पुष्कळ काम दाबपात्रातलं होतं : मिथेनॉल, २६५ अंश, दहा मेगापास्कल. २००६ मध्ये राव, शरद भगत, जपानचे हिराशिमा आणि पाजोंक यांनी एका वेगळ्या सिलेनपासून असं एरोजेल केलं, जे वाकवता येतं. एरोजेल म्हणजे हात लावला की चुरा, ही समजूत त्यानं मोडली. पण आम्हाला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी महागड्या रसायनांऐवजी सोडियम सिलिकेट घेतलं, ज्याला वॉटरग्लास म्हणतात आणि जे साबणाच्या धंद्यात वापरलं जातं. त्याचं जेल केलं, पृष्ठावर मिथिल गट बसवले आणि साध्या दाबाला वाळवलं. पाण्याचा थेंब त्याच्यावर मोत्यासारखा गोल राहतो. श्रीमंत प्रयोगशाळा दाबपात्रावर भागवू शकते. ज्यांच्याकडे निधी कमी आणि विद्यार्थी जास्त, त्यांना वाळवण्याची स्वस्त आणि निर्धोक रीत शोधावीच लागते. याला कोणी नाइलाज म्हणेल. आम्ही म्हणतो, कुंभारानं राख मिसळली तीही नाइलाजानंच.

तत्त्वज्ञानाचा मास्तर मात्र इथे अडतो. किस्लरच्या रीतीत जेल आहे तसं ठेवून पाणी बाहेर पडलं. देशपांडे-स्मिथांच्या आणि कोल्हापूरच्या या दुसऱ्या रीतीत आकार वाचला, पण पृष्ठ बदललं. पाण्याशी मैत्री असलेला पदार्थ आता पाण्याला जवळ येऊ देत नाही. मग वाचलं ते काय? नैयायिक म्हणेल, अवयवी तोच. आम्हाला तसं छातीठोकपणे म्हणवत नाही.

हाच पेच सच्छिद्र सिलिकॉनमध्ये जास्त टोचतो. सिलिका नव्हे, शुद्ध सिलिकॉन, ज्याच्या चिप होतात तो. १९५६ मध्ये बेल प्रयोगशाळेत आर्थर आणि इंगेबोर्ग उलिर हे दांपत्य सिलिकॉनला विजेच्या मदतीनं आम्लात घासत होतं, तेव्हा पृष्ठावर विचित्र रंगीत थर आला. ती छिद्रं होती. १९९० मध्ये इंग्लंडच्या ली कॅनहॅम यांनी दाखवलं, की हे सच्छिद्र सिलिकॉन प्रकाश पडल्यावर स्वतः लालसर-नारिंगी चमकतं. एरवी सिलिकॉन प्रकाश देण्यात अगदी मठ्ठ. जगभर धावाधाव झाली. का चमकतं? अतिसूक्ष्म स्फटिकांमुळे, की पृष्ठावरच्या रसायनामुळे? १९९२ मध्ये जर्मन गटानं सिलोक्सीन नावाच्या संयुगाचा पक्ष मांडला. जोरदार वाद झाला.

आणि या वादात सगळे जो नमुना पाहत होते, तो आधी ओला होता आणि नंतर वाळवलेला होता. नव्वद टक्क्यांच्या आसपास पोकळी असलेला थर हवेत वाळवला की तो भेगाळतो, सोलून निघतो, कोसळतो. अगदी आमच्या काळ्या रानासारखा, फक्त लाखो पट लहान. १९९४ मध्ये कॅनहॅम आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं, की क्रांतिक बिंदूपलीकडे वाळवलं तर पंचाण्णव टक्के पोकळीचा थरही उभा राहतो आणि चमकतो. १९९८ मध्ये बेले आणि कॅनहॅम यांनी वाळवण्याच्या सगळ्या रीतींचा आढावा घेतला. त्यात पेंटेनचीही रीत आहे, कारण पाण्याचा पृष्ठताण ७२ तर पेंटेनचा जेमतेम १६. नियंत्रित वाळवण हीच चांगल्या नमुन्याची किल्ली, असं त्यांनी शीर्षकातच म्हटलं. शोध १९५६ चा, आणि वाळवण्यावर हा असा स्वतंत्र आढावा १९९८ चा. चाळीस वर्षं सावलीकडे पुरेसं लक्ष गेलं नाही, असं आम्ही म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

हे परदेशी प्रयोगशाळांचं झालं. पण आपल्या दाराशीही तेच आहे. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे आणि माती परीक्षण हा शब्द आता वस्तीवस्तीवर पोचला आहे. माती परीक्षणाची कुठलीही सूचनापत्रिका घ्या, तिच्यात एक ओळ असतेच : नमुना सावलीत वाळवावा. लोक ती ओळ वाचत नाहीत. आम्हीही वाचली नव्हती. काही वर्षांपूर्वी आमच्या वाट्याच्या रानाचा नमुना आम्ही उन्हात, तापलेल्या पत्र्यावर पसरला होता, काम लवकर उरकावं म्हणून. पोळ्याच्या बैलापासून साठ वर्षं गेली होती, पण शहाणपण काही आलं नव्हतं. चिकण काळ्या मातीत, ती कशी आणि किती वाळवली यावर पिकाला मिळू शकणारं पालाश कमी-जास्त दिसू शकतं, कारण पापुद्रे मिटताना पालाशचे कण आत अडकतात किंवा बाहेर येतात. म्हणजे अहवालात जो आकडा आला, तो आमच्या जमिनीचा किती आणि आमच्या पत्र्याचा किती, हे सांगता येईना. त्या आकड्यावर आम्ही खताच्या गोण्या आणल्या होत्या.

पुढच्या वर्षी नमुना पडवीत, वर्तमानपत्रावर, सावलीत पसरला. तीन-चार दिवस लागले. शेजारचा वाटेकरी रोज येताजाता बघायचा, एकदा खाली बसला, चिमूटभर माती बोटांत चोळली आणि म्हणाला, "काका, आता झाली." आम्ही तरी आणखी एक दिवस थांबलो.

बरं, आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, आणि आम्हाला दाट संशय आहे की तो कुरडयांबद्दलचा आहे.